निम्मी पूड आधी बाजूला ठेवा: प्लाझ्माने निकेलचा उत्प्रेरक कसा बनवायचा

दर जुलैत आमच्या प्रयोगशाळेत एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नवी मुलं येतात. बरीचशी जुन्नर, मंचर, इंदापूर, बारामतीकडची. पुस्तकातलं रसायनशास्त्र त्यांना पाठ असतं, पण प्लाझ्मा म्हटलं की आधी रक्तातला आठवतो. इथला प्लाझ्मा म्हणजे विजेमुळे ज्यातले काही इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू. त्यांना पहिल्या आठवड्यात मी जे तोंडी सांगते, तेच इथे लिहून काढते आहे. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात गेली अठरा वर्षं उत्प्रेरकांचं (स्वतः न खपता अभिक्रिया जलद करणाऱ्या पदार्थांचं) काम करते, त्यातली अकरा प्लाझ्माच्या यंत्रावर.

सुरुवात एका गोष्टीने करते, कारण माझं सगळं शिकवणं तिच्यावर उभं आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने निकेल आणि ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची, हा निकेलचा आधार) पूड तासभर प्लाझ्मात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करून पाहिला. नेहमीसारख्या भट्टीत भाजलेल्या नमुन्यापेक्षा मिथेन पुष्कळ जास्त आला. पोरगा आनंदाने नुसता उडत होता. लेखाचा मसुदाही त्याने लिहायला घेतला. मी सहज विचारलं, ‘भाजलेला नमुना कोणत्या पुडीचा?’ तो होता दोन वर्षांपूर्वीच्या एका मुलीने बनवलेला, वेगळ्या पोत्यातल्या ॲल्युमिनाचा, वेगळ्या ओव्हनमध्ये वाळवलेला. आम्ही सगळं पुन्हा केलं. एकच पूड बनवली, तिचे वाटे केले, एक वाटा प्लाझ्मात आणि एक भट्टीत. बराचसा फरक नाहीसा झाला. जो उरला तो लहान होता, पण खरा होता. दोन महिने गेले, आणि त्यात चूक माझी होती, कारण मी त्याला आधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: निम्मी पूड आधी बाजूला ठेवा.

प्लाझ्मा नेमकं करतो काय

नेहमीच्या पद्धतीत निकेल नायट्रेट शोषलेली ॲल्युमिनाची पूड मफल भट्टीत ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला चारेक तास भाजतात. नायट्रेट मोडतं, निकेल ऑक्साइड उरतं. पण तेवढ्या उष्णतेत धातूचे बारीक कण जागा सोडतात, तव्यावर तुपाचे थेंब सरकत सरकत एकमेकांत मिसळतात तसे. कण मोठे झाले की तेवढ्याच निकेलचा पृष्ठभाग कमी होतो, आणि उत्प्रेरकाचं काम तर सगळं पृष्ठभागावरच चालतं.

थंड प्लाझ्मात वायूला उच्च दाबाची वीज दिली जाते. विजेचं क्षेत्र इलेक्ट्रॉनला ढकलतं आणि त्याला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे ११,६०० केल्विन. पण इलेक्ट्रॉन इतका हलका की त्याच्या सुमारे ७३ हजार पट जड असलेल्या आर्गॉनच्या अणूवर आपटून तो त्याला फारसं हलवू शकत नाही. म्हणून वायू कोमटच राहतो आणि इलेक्ट्रॉन मात्र तापलेले असतात. याच इलेक्ट्रॉनांमुळे आर्गॉनचे काही अणू उत्तेजित होऊन साडेअकरा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा धरून बसतात. नायट्रेटचे बंध तोडायला ती भरपूर झाली. नायट्रेट मोडतं, निकेल ऑक्साइडची असंख्य बीजं एकदम तयार होतात, पण थंडाव्यामुळे ती फारशी वाढत नाहीत. छोटे कण मिळायचं कारण हे. ‘मॅडम, प्लाझ्मा म्हणजे थंड भट्टी का?’ असं मुलं विचारतात, तर नाही. भट्टी सगळ्यांना सारखं तापवते, प्लाझ्मा इलेक्ट्रॉनांना वेगळं काढून तापवतो.

वायूतून वीज वाहण्याला विसर्जन म्हणतात, आणि या प्रकाराला विद्युतरोधी पडद्याचं विसर्जन (डायइलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज), प्रयोगशाळेत सगळे ‘डीबीडी’च म्हणतात. वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ साली ओझोन बनवायला हीच युक्ती वापरली होती. प्लाझ्मा हा शब्द मात्र इर्व्हिंग लँगम्यूरने १९२८ साली वापरात आणला.

मांडणी

आमची मांडणी साधी आहे. ५ सेंटिमीटर व्यासाच्या स्टीलच्या दोन गोल तबकड्या, त्यांच्या मध्ये क्वार्ट्झच्या अडीच मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, आणि पट्ट्यांमध्ये ५ मिलिमीटरची फट. फटीभोवती कडं आहे, त्याच्या एका बाजूने वायू आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. या बंद जागेला आम्ही पेटी म्हणतो. खालच्या पट्टीवर पूड पसरायची. वीज एका तबकडीतून दुसरीत सरळ जाऊ शकत नाही, कारण मध्ये क्वार्ट्झ आहे. म्हणून एक मोठी ठिणगी पडण्याऐवजी असंख्य सूक्ष्म विसर्जनं होतात, प्रत्येक काही नॅनोसेकंदांचं.

तबकड्या भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतल्या. तिथे एकच गोष्ट दहा वेळा सांगायची: कडा गोल हव्यात, नखाला टोचता कामा नये. धारदार कडेवर क्षेत्र एकवटतं आणि सगळी ठिणगी तिथेच पडत राहते. क्वार्ट्झची पट्टी तबकडीच्या बाहेर चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर यायला हवी, नाहीतर वीज पट्टीला वळसा घालून जाते. खिडकीची साधी काच चालणार नाही. ती तापली की तिच्यातून वीज थोडी थोडी वाहू लागते, मग आणखी तापते आणि तडकते.

वीजपुरवठा २० किलोहर्ट्झचा, शिखरापासून शिखरापर्यंत २० किलोव्होल्टपर्यंत जाणारा. हा तयार आणि तपासलेला विकत घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वायरी, कपॅसिटर, फेराइट कोअर, काय हवं ते मिळतं. मी स्वतः तिथून पुष्कळ सामान आणते. पण उच्च दाबाचा पुरवठा जुळवून बनवायच्या भानगडीत विद्यार्थ्याने पडू नये. हे मी ठामपणे सांगते, कारण या कामात दुसरी संधी मिळत नाही.

सुरक्षेचं एकदाच सांगते. यंत्राभोवती ॲक्रिलिकचं आवरण असावं आणि त्याचं दार उघडताच वीज तुटेल असा स्विच दाराला असावा. अर्थिंग स्वतंत्र हवं. जवळ अर्थिंगची काठी ठेवावी: विद्युतरोधी दांडा, टोकाला धातूचा आकडा, आकड्याला जमिनीशी जोडलेली जाड वायर. पुरवठा बंद केल्यावरही क्वार्ट्झवर आणि कपॅसिटरवर भार उरतो. आधी काठी टेकवायची, मग हात घालायचा. आमच्याकडे एकट्याने यंत्र लावायला बंदी आहे. दुसरं कुणी नसेल तर प्रयोगशाळेतले मामा तरी खोलीत असतात, आणि मुख्य स्विच कुठे आहे हे त्यांना डोळे मिटून माहीत आहे. हवा किंवा ऑक्सिजन वापरत असाल तर बाहेर जाणारा वायू धुराड्यातच सोडा. वळवाच्या पावसात वीज कडाडल्यावर जो उग्र वास येतो तो ओझोनचा. आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा हवेत दशलक्ष भागांत ०.१ भाग इतकीच आहे. वास आला तर खिडकी उघडून काम चालू ठेवायचं नाही, यंत्र बंद करायचं.

पूड

आता खरं काम. उत्प्रेरक पुडीतच बिघडतो, प्लाझ्मात फार कमी वेळा.

१० टक्के निकेलचा १० ग्रॅम उत्प्रेरक करायचा, म्हणजे १ ग्रॅम निकेल आणि ९ ग्रॅम गॅमा ॲल्युमिना. सहा पाण्याच्या निकेल नायट्रेटचा रेणुभार २९०.८, निकेलचा ५८.७. म्हणजे १ ग्रॅम निकेलसाठी ४.९५ ग्रॅम नायट्रेट. निकेलच्या क्षारांची धूळ श्वासातून जाणं घातक आहे, कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे आणि मास्क घालूनच तोला, आणि पंखा बंद करा.

आता ॲल्युमिना किती पाणी पिते हे बघायचं. १२० अंशांना वाळवलेली बरोबर १ ग्रॅम पूड लहान बीकरमध्ये घ्या आणि पिपेटने थेंब थेंब पाणी टाकत काचेच्या कांडीने हलवत राहा. पहिले काही थेंब कुठे गेले कळतही नाही, पूड कोरड्या रव्यासारखी सुटी राहते. पुढे ती ओल्या वाळूसारखी होते, गोळे धरते, पण कांडीने दाबलं की गोळा फुटतो. आणि मग एक थेंब असा येतो की पूड एकदम चकाकते आणि बीकरच्या भिंतीला चिकटते. त्याच्या आधीचा थेंब ही आपली मर्यादा. इथे घाई करू नका. मी प्रत्येक मुलाला हे तीनदा करायला लावते आणि तिन्ही आकडे वहीत लिहायला लावते. आमच्याकडच्या पुडीला ग्रॅममागे ०.८ मिलिलिटर लागतं. तुमच्या पुडीचा आकडा तुम्हीच काढा. एका पोत्याचा आकडा दुसऱ्या पोत्याला लागू पडत नाही.

९ ग्रॅमला ७.२ मिलिलिटर. नायट्रेट थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग एकूण द्राव ७.२ मिलिलिटर करायचा. ७.२ मिलिलिटर पाणी घेऊन त्यात नायट्रेट टाकलं तर द्राव जास्त होतो आणि पूड लगदा होऊन बसते. हा हिरवागार द्राव थेंब थेंब पुडीवर सोडत, सतत कालवत राहा. झाकून तासभर मुरू द्या. मग ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर, निदान बारा तास. सकाळी पूड पिस्त्याच्या रंगाची आणि सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. वरच्या थरावर गडद हिरवी कड दिसली तर समजा, वाळताना द्राव वर सरकला आणि निकेल एका जागी गोळा झालं. तो घाणा बाजूला काढा. त्यावर प्लाझ्मा चालवून काही सुधारत नाही.

खलबत्त्यात हलक्या हाताने फोडा, १०० मेशच्या चाळणीतून काढा. आणि आता निम्मी पूड बाजूला ठेवा.

निम्मी म्हणजे जवळपास ५ ग्रॅम उत्प्रेरक होईल इतकी, घट्ट झाकणाच्या बाटलीत, तारीख आणि घाण्याचा क्रमांक घालून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात). हिच्यातून पुढे दोन नमुने होतात. एक नेहमीसारखा मफलमध्ये ४५० अंशांना चार तास भाजलेला. दुसरा त्याहून महत्त्वाचा आणि बहुतेक जण विसरतात तो: त्याच पेटीत, त्याच आर्गॉनमध्ये, तेवढाच वेळ, प्लाझ्मात पूड जितकी तापते तितक्याच तापमानाला ठेवलेला, पण प्लाझ्मा बंद. हा दुसरा नमुना नसेल तर तुम्ही पाहिलेला परिणाम इलेक्ट्रॉनांचा की नुसत्या उबेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही, परीक्षकालाही नाही आणि तुम्हालाही नाही.

पुण्याच्या पावसाळ्याबद्दल इथेच लिहिते. निकेल नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या वॉचग्लासवर पूड पंधरा मिनिटं राहिली तरी ती जड होते, गुठळ्या धरते. एकदा मी स्वतः तशीच पूड वापरली. आर्गॉन सोडला, वीज वाढवली, आणि सगळीकडे जांभळा प्रकाश पसरण्याऐवजी एकाच जागी पांढरी, लखलखती दोरी उभी राहिली. मी दोन-तीन सेकंद बघत राहिले, आणि तेवढ्यात टिच्च असा आवाज आला. क्वार्ट्झला सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा. तेव्हापासून नियम असा: पांढरी दोरी एका जागी स्थिर दिसली की विचार करत बसायचं नाही, हात थेट स्विचवर. पावसाळ्यात पूड ओव्हनमधून डेसिकेटरमध्ये आणि डेसिकेटरमधून थेट पेटीत, मध्ये कुठेही थांबा नाही.

प्लाझ्मा चालवताना

१ ग्रॅम पूड खालच्या क्वार्ट्झवर तबकडीएवढ्याच वर्तुळात सारखी पसरा. थर मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा होतो. वर्तुळाबाहेर गेलेल्या पुडीला प्लाझ्मा लागत नाही, आणि मग एकाच नमुन्यात दोन नमुने होतात. पेटी बंद करून ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आर्गॉन मिनिटाला १०० मिलिलिटरने अर्धा तास सोडा. आर्गॉन घेण्याचं एक कारण ऑक्सिजन बाहेर काढणं, आणि दुसरं म्हणजे त्यात हवेपेक्षा पुष्कळ कमी व्होल्टेजला प्लाझ्मा पेटतो. हवेला मिलिमीटरमागे साधारण ३ किलोव्होल्ट लागतात. बाहेर जाणारा वायू सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या बुडबुड्यांतून न्या. नायट्रेट मोडताना नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, ते छातीला वाईट.

वीज हळूहळू वाढवा. आधी कडेला फिकट जांभळे ठिपके दिसतात, मग ते आत सरकतात आणि शेवटी सगळी फट भरून जाते. खोलीतला दिवा मालवला तर हे नीट दिसतं, आणि पहिल्यांदा बघणारं प्रत्येक मूल श्वास रोखून बघतं. मलाही ते अजून आवडतं.

दहा मिनिटांनी थांबा. पुरवठा बंद, अर्थिंगची काठी, मग दार. पूड प्लास्टिकच्या चमच्याने खालीवर करून पुन्हा पसरा. रवा भाजताना उलथनं थांबवून चालत नाही, तसंच हे. वरचा थर प्लाझ्मा खातो आणि खालचा हिरवाच राहतो. पुन्हा पंधरा मिनिटं आर्गॉन, पुन्हा दहा मिनिटं प्लाझ्मा. असं सहा वेळा, मिळून तासभर. पिस्त्याचा रंग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मळकट होतो, शेवटी करडा होतो. सहाव्या फेरीनंतरही हिरवे ठिपके दिसत असतील तर पसरणं नीट झालेलं नाही. गुरुवारी हे काम लावू नका. वीज दुरुस्तीसाठी केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट राहिलेला नमुना दुसऱ्या दिवशी पुढे चालू केला तर तो वेगळाच नमुना होतो.

छोटा स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशातल्या तरंगलांबी वेगळ्या करून दाखवणारं यंत्र) असेल तर त्याचा प्रकाशतंतू फटीकडे रोखून ठेवा. आर्गॉनच्या रेषा ६९६.५, ७५०.४ आणि ८११.५ नॅनोमीटरला दिसतात. ३०९ नॅनोमीटरजवळ हायड्रॉक्सिलचा पट्टा असेल तर आत पाणी आहे. ३३७ ला नायट्रोजनचा पट्टा असेल तर गळतीचा संशय घ्या. सुरुवातीच्या मिनिटांत थोडा नायट्रोजन नायट्रेटमधूनही येऊ शकतो, पण रिकाम्या पेटीतही तो दिसला तर कुठलं तरी सील सैल आहे. म्हणून दर सोमवारी पेटी रिकामी चालवून एक वर्णपट साठवून ठेवायचा. या सवयीने आमचे कितीतरी आठवडे वाचवले आहेत.

किती शक्ती दिली हे लिहिताना पुरवठ्याच्या डब्यावरचा आकडा लिहू नका. तो डब्यात गेलेल्या विजेचा आकडा असतो, प्लाझ्मात पोचलेल्या नव्हे. खालच्या तबकडीच्या आणि अर्थिंगच्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा चांगला कपॅसिटर लावा. त्यावरचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपच्या एका वाहिनीवर, आणि हजारास एक या प्रमाणाच्या उच्च दाबाच्या प्रोबने वरच्या तबकडीचा व्होल्टेज दुसरीवर. एक आडवा, एक उभा दाखवला की पडद्यावर कललेला समांतरभुज चौकोन उमटतो. त्याच्या क्षेत्रफळाला कपॅसिटरच्या मूल्याने गुणलं की एका आवर्तनात प्लाझ्माने घेतलेली ऊर्जा मिळते. समजा ती १ मिलिज्यूल आली. २० किलोहर्ट्झला सेकंदात २० हजार आवर्तनं, म्हणजे २० वॉट. तासाभरात ७२ किलोज्यूल, आणि पूड १ ग्रॅम असल्याने ग्रॅममागे ७२ किलोज्यूल. वहीत हा शेवटचा आकडा लिहा. दुसऱ्या कुणाला तुमचं काम पुन्हा करायचं असेल तर त्याला हाच लागतो. नुसतं ‘६० मिनिटं प्लाझ्मा’ लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही.

धातू उघडा करणं

आर्गॉनमधून निघालेली पूड म्हणजे मुख्यतः निकेल ऑक्साइड. पॅलेडियम, प्लॅटिनम, सोनं, चांदी यांचे आयन नुसत्या आर्गॉनच्या प्लाझ्मातही धातू होतात, कारण त्यांना इलेक्ट्रॉन घ्यायची मुळातच ओढ असते. निकेलला ती नाही, त्याला हायड्रोजन लागतो. तो प्लाझ्मात मिसळून देता येतो, पण हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान हायड्रोजन पेट घेतो आणि प्लाझ्मा म्हणजे आयती ठिणगी, त्यामुळे नव्या मुलांना मी ते करू देत नाही. त्यांनी नळीभट्टीत, अर्थात गळती तपासून, ५०० अंशांना दोन तास हायड्रोजन द्यावा. त्याच पुडीच्या जुळ्या नमुन्यांनाही अगदी तसाच, त्याच दिवशी.

नंतर थंड झालेली पूड एकदम हवेत उघडू नका. बारीक निकेल हवेत लालबुंद होऊन पेटतं. आर्गॉनमध्ये १ टक्का ऑक्सिजन घालून खोलीच्या तापमानाला तासभर हळूहळू द्या, वर ऑक्साइडचा पातळ थर बसू द्या, मगच बाटलीत भरा.

तयार उत्प्रेरकात बदल

याच यंत्राने बनलेला उत्प्रेरक बदलताही येतो. सेरियम ऑक्साइड आर्गॉनच्या प्लाझ्मात ठेवलं की पृष्ठभागावरचे काही ऑक्सिजन निघून मोकळ्या जागा तयार होतात. रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशाच्या आलेखात) ४६४ प्रति सेंटिमीटरचं मुख्य शिखर रुंदावतं आणि ६०० च्या आसपास दोषाचा पट्टा वर येतो. या जागा हवेत हळूहळू भरत जातात, म्हणून मोजणी त्याच दिवशी करा. कार्बनमध्ये नायट्रोजन घालायला अमोनियाचा किंवा नायट्रोजनचा प्लाझ्मा वापरतात. काजळी धरलेला जुना उत्प्रेरक ऑक्सिजनच्या प्लाझ्मात भट्टीपेक्षा कमी तापमानाला साफ होतो, झिओलाइटच्या (बारीक छिद्रांच्या स्फटिकाच्या) छिद्रांतला सेंद्रिय साचाही तसाच काढता येतो.

कमी दाबावरचं, १३.५६ मेगाहर्ट्झचं यंत्र मिळालं तर प्लाझ्मा जास्त एकसारखा असतो. तिथे एकच काळजी घ्या: पंपाची झडप एकदम उघडली तर अख्खी पूड उडून पंपाच्या तेलात जाते. झडप केसभर उघडायची आणि दोन मिनिटं वाट बघायची.

तपासणी

पुण्यात राहण्याचा एक मोठा लाभ आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून पाषाणला आहे आणि उत्प्रेरकांवर तिथे अनेक दशकं काम चाललंय. या विषयावर बोलायला माणसं मिळतात, व्याख्यानं ऐकायला मिळतात. जा, मागे बसून ऐका.

स्वतःच्या नमुन्याची पहिली परीक्षा क्ष-किरण विवर्तनाची, म्हणजे स्फटिकांवरून क्ष-किरण कोणत्या कोनांना वळतात ते बघायची. तांब्याच्या किरणांना धातूरूप निकेलची शिखरं ४४.५, ५१.८ आणि ७६.४ अंशांना येतात. सगळ्यात उंच पहिलं असतं, म्हणून मुलं तेच घेतात, पण ४६ अंशांजवळ गॅमा ॲल्युमिनाचं रुंद शिखर असतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. रुंदी मोजायला ५१.८ चं घ्या. ते बुटकं आहे पण मोकळं आहे. शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार देणाऱ्या शेररच्या सूत्राने तिथे ०.८ अंश रुंदी म्हणजे सुमारे ११ नॅनोमीटरचा कण, १.२ अंश म्हणजे सुमारे साडेसात. यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करायला विसरू नका.

यानंतर टीपीआर, म्हणजे हायड्रोजन देत तापमान वाढवत नेऊन ऑक्साइडचा धातू कोणत्या तापमानाला होतो ते बघायची चाचणी. सुट्या निकेल ऑक्साइडचं शिखर ३०० ते ४०० अंशांना येतं, ॲल्युमिनाला घट्ट धरलेल्याचं त्याच्या पुष्कळ पुढे. जुळ्यांपैकी एकाचं शिखर सरकलं असेल तर धातू आणि आधार यांची पकड बदलली, असं धरता येतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी रांग असते, म्हणून तो शेवटी, आणि तिथे निदान दोनशे कण मोजा. सुंदर दिसणाऱ्या एका चित्रावर भिस्त ठेवू नका.

कामाची परीक्षा आम्ही मिथेन बनवून घेतो. निकेलवर कार्बनच्या ऑक्साइडांपासून हायड्रोजनने मिथेन होतो हे साबातिए आणि सँदरन्सने १९०२ साली दाखवलं, त्यामुळे तुलनेला शंभर वर्षांचं काम हाताशी आहे. पूड दाबून गोळी करा, फोडून २० ते ४० मेशचे दाणे घ्या. दाण्यांचा आकार, वजन, वायूचा वेग, सगळं तिन्ही नमुन्यांना एकच. ही अभिक्रिया उष्णता सोडते, कार्बन डायऑक्साइडच्या मोलमागे सुमारे १६५ किलोज्यूल. थर जास्त सक्रिय असेल तर तो स्वतःच तापतो आणि आणखी सक्रिय दिसतो. म्हणून दाण्यांत क्वार्ट्झचे तुकडे मिसळा आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीला न लावता थराच्या मधोमध ठेवा. तुलना कमी रूपांतरणावर करा, १०-१५ टक्क्यांच्या आत. ९० टक्क्यांवर सगळेच उत्प्रेरक चांगले दिसतात.

प्लाझ्माच्या नमुन्याला एक आणखी चाचणी लागते. थंडीत बनलेले छोटे कण पुढे ७००-८०० अंशांवर तासन् तास ठेवले की वाढू शकतात आणि सगळा फायदा हातचा जाऊ शकतो. त्यामुळे तुमची अभिक्रिया जितक्या तापमानाला चालणार, तितक्या तापमानाला निदान वीस तास चालवून पुन्हा क्ष-किरण विवर्तन घ्या, आणि ५१.८ च्या शिखराची रुंदी आधीच्या शेजारी लिहा.

तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. मग डेसिकेटर उघडा, बाजूला ठेवलेली उरलेली पूड काढा आणि तिच्यातून १ ग्रॅम घेऊन प्लाझ्माचा नमुना पुन्हा एकदा पहिल्यापासून करा. दोन प्लाझ्मा नमुन्यांमधला फरक आणि प्लाझ्मा-भट्टीमधला फरक मोजून शेजारी शेजारी लिहा. पहिला दुसऱ्याएवढाच असेल तर वहीत तसं स्पष्ट लिहून मला येऊन दाखवा. आपण पुन्हा थेंब मोजण्यापासून बसू.